छातीवरचं नाव

चौकातल्या कट्ट्यावर मी प्लास्टरमधला पाय लांब करून बसलो होतो, मांडीवर सोललेल्या संत्र्यांचा डबा. या मॅरेथॉनसाठी वर्षभर सराव केला आणि ऐन वेळी घरच्याच जिन्यात घोटा मोडला. नोंदणी वाया कशाला घालवायची, म्हणून माझाच नंबर छातीला लावून धाकटा भाऊ नितीन धावत होता. नंबराखाली ठळक अक्षरांत माझं नाव होतं.

शेजारी उभ्या असलेल्या एक काकू प्रत्येकाच्या छातीवरचं नाव वाचून हाका मारत होत्या. नितीन वळणावर दिसला तशा म्हणाल्या, "चल रे मुकुंदा, थोडंच राहिलंय."

मी दचकून उठायला गेलो, तर पाय जागचा हलेना. तिकडे नितीनने मात्र हसून हात वर केला. मलाही ओरडायचं होतं, पण त्याला कोणत्या नावाने हाक मारावी तेच सुचेना. आनंद होत होता की पोटात दुखत होतं, तेही कळेना. दारावर पाटी असते, आपण घरात नसलो तरी लोक ती वाचून बेल वाजवतातच. आज तशीच बेल वाजली होती आणि दार दुसऱ्यानेच उघडलं होतं.

तो पुढे निघून गेला. संत्र्याची फोड माझ्या हातातच राहिली.

"तुमचं कोण धावतंय?" काकूंनी विचारलं.

"आत्ता गेला तो. मुकुंद."

"कोण लागतो तुमचा?"

मी फोड तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिलो.