डोक्याशी उभा राहील त्याचा शब्द

तानूबाईला मी पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. साल सत्त्याण्णव. सिल्वासाला शाळामास्तर असलेला माझा धाकटा भाऊ विश्वनाथ आमलीजवळच्या एका खाजगी दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर होता. पायांपासून चढत आलेला लकवा छातीपर्यंत पोचला होता. तोंडातून घशात नळी गेलेली, त्यामुळे बोलणं बंद. पण तो शुद्धीवर होता, डोळे उघडे होते. मी तीस वर्षं नाटक कंपन्यांतून फिरलेली बाई. कोण किती चोख काम करतं ते पारखायची सवय काही जात नाही. त्या काचेआड सगळ्यांत चोख काम मला या ठेंगण्या, नाकात चमकी घातलेल्या आयाबाईचं दिसलं.

ती नंदुरबारकडची. नवरा चिंधा मसाटच्या कारखान्यात लागला, त्याच्यामागून ती आली आणि दवाखान्यात फरशी पुसता पुसता रोग्यांपर्यंत पोचली. शाळा चौथीपर्यंत. पण यंत्रावरच्या माणसाला कुशीवर वळवावं तर तिनंच. दर दोन तासांनी वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होतात. खाटेची डोक्याकडची बाजू कायम उचललेली ठेवायची, म्हणजे पोटातलं वर येऊन छातीत उतरत नाही. वळवण्याआधी ती यंत्राच्या लांब नळीत साचलेलं पाणी काढून टाकी, मग नळी सैल आहे ना ते बोटानं बघे. वळवून झालं की गुडघ्यांमध्ये उशी, टाचा गादीपासून उचललेल्या, आणि सगळ्यात शेवटी खाली दुमडलेला कान सरळ करी. कान कुणीही विसरेल. ती विसरत नसे.

तिचा एक नियम होता. एकानं डोक्याशी उभं राहून डोकं आणि तोंडातली नळी धरायची, आणि त्यानं ‘तीन’ म्हटल्याशिवाय बाकीच्यांनी रोगी हलवायचा नाही. “डोक्याशी उभा तो राजा,” ती म्हणे, “आपण सारे हमाल.” आमच्याकडे नाटकात पडदा ओढणारा घंटेवाचून दोराला हात लावत नसे, तसंच हे. कोकणातून नव्यानं आलेल्या शैलजा सिस्टरला हा नियम तिनंच शिकवला. पोरगी शिकलेली, पण यंत्राला भ्यायची. तानूबाईनं तिला शेजारी उभं करून तयार केलं, डब्यातली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी खाऊ घातली. शैलजा तिला मावशी म्हणायची. त्याच महिन्यात तानूबाईची नोकरी कायम होणार होती.

एका सोमवारी सकाळी माझी भावजय रोहिणी हिच्या ध्यानात आलं की विश्वनाथचं डोकं उत्तरेला आहे. उत्तरेला डोकं करून आपण कुणाला ठेवतो, हे मी सांगायला नको. तिनं शैलजाला गळ घातली आणि दोघींनी चाकांची खाट फिरवून डोकं पूर्वेला आणलं. यंत्र मात्र भिंतीशीच राहिलं. मधली नळी ताणली गेली.

दहा वाजता वळवायची वेळ झाली. तानूबाई दार उघडं ठेवूनच आत आली आणि थबकली. आधी खाट जागेवर घेऊ, म्हणाली. शैलजानं काचेबाहेर माझ्याशेजारी उभ्या रोहिणीकडे पाहिलं, आणि एवढं एकदा असंच वळवू म्हणून मावशीला गप्प केलं. स्वतः डोक्याशी उभी राहिली, ‘तीन’ म्हणाली, आणि ताणलेली नळी यंत्रापाशी सुटेल या भीतीनं तिनं विश्वनाथच्या तोंडाशी नळी धरलेला हात काढून तिकडे नेला. घशातली नळीच बाहेर आली.

श्रीकांत डॉक्टर धावत येईपर्यंत तानूबाईनं खाट फिरवून पुन्हा भिंतीशी, यंत्राजवळ नेली होती, डॉक्टरांना डोक्याशी जागा मिळावी म्हणून. विश्वनाथ निळा पडला होता. हातानं दाबायच्या फुग्यानं श्वास देत डॉक्टरांनी नवी नळी घातली, आणि तो वाचला. पण खाट पहिल्या जागी गेली होती. ती फिरवली होती याची खूण उरली नव्हती.

अकराला डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर बोलावलं.

“डोक्याशी कोण होतं?”

“कुणीच नाही, सर,” शैलजा म्हणाली. “मी औषध काढत होते. मावशींनी एकटीनंच वळवलं.”

तानूबाईनं आधी शैलजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सगळं पाहिलंय, हे तिला ठाऊक होतं. रोहिणीनं माझं मनगट दाबलं. “वन्सं, गप्प राहा. यांना अजून याच लोकांच्या हातात राहायचंय.” मी फरशीकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस भरा, उद्यापासून येऊ नका.

बारा वाजता पुन्हा वळवायचं होतं. तानूबाई आली. नळीतलं पाणी काढलं, चादरीखाली हात घातले आणि थांबली. डोक्याशी शैलजा. डॉक्टर कोपऱ्यातल्या टेबलाशी लिहीत होते. शैलजा आकडे मोजेना. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं.

“बोल ना, माय,” तानूबाई म्हणाली. “तू बोलल्याबिगर मी कधी हलवलंय?”

डॉक्टरांची लेखणी थांबली. त्यांनी तानूबाईकडे पाहिलं, शैलजाकडे पाहिलं. दहा वाजताही डोक्याशी शैलजाच होती हे त्यांना कळलं, यात मला शंका नाही. मग ते पुन्हा लिहू लागले. शैलजानं कसंबसं एक, दोन, तीन म्हटलं. तानूबाईनं विश्वनाथला वळवलं, उशी दिली, टाचा उचलल्या, कान सरळ केला आणि ती गेली.

एकविसाव्या दिवशी नळी निघाली. आवाज फुटल्यावर विश्वनाथनं पहिलं विचारलं ते तानूबाई कुठं आहे. मी सांगितलं, मसाटला खोकी भरते, चिंधाच्याच कारखान्यात. तिच्या खोलीवर मी जाऊन आले होते. तिनं चहा केला, विश्वनाथच्या पाठीची चौकशी केली.

विश्वनाथनं विचारलं,

“अक्का, तू काचेपाशीच होतीस ना?”

होते, म्हणाले. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढं आता त्याचं त्याला जमत होतं.