दादानं सुरू केलेला सर्व्हर

दादा गेला आणि त्याची नोकरी वहिनीला मिळाली. तीही त्याच कामातली. तीच खोली, तीच खुर्ची, रक्तपेढीचा तोच वेब सर्व्हर. मी त्याच इमारतीत वायरमन. लोक म्हणायचे, वहिनी नशीबवान. असलं नशीब काय जाळायचंय!

आज साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र संपत होतं. संध्याकाळपर्यंत नवं चढलं नाही, तर रक्तासाठी धावणाऱ्यांना साइट उघडताच धोक्याची सूचना दिसणार होती. सर्व्हरनं कसं चालायचं ते जिच्यात लिहिलेलं असतं, ती नेहमीच्या जागची कॉन्फिगरेशन फाइल वहिनीनं उघडली, नव्या प्रमाणपत्राचा पत्ता लिहिला आणि फाइल पुन्हा वाचायचा हुकूम सर्व्हरला दिला. साइटवर जुनंच प्रमाणपत्र. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

कारकून दारातून डोकावून म्हणाला, "साहेबांचा जीव अडकलाय त्यात."

मी त्याला हाकललं, पण माझ्याही अंगावर काटा आला. दादाचा स्वेटर अजून खुंटीवरच होता.

"भाऊजी, मी दुरुस्त करते ती फाइल हा वाचतच नाहीये," वहिनी म्हणाली.

"मग कुठली वाचतो?"

"त्यालाच विचारते."

काळ्या स्क्रीनवर तिनं एक कमांड टाइप केली: आत्ता काय काय चालू आहे, कधीपासून, कुठल्या फाइलवर. उत्तर आलं. सर्व्हर सुरू झाल्याची तारीख दादाच्या कामाच्या शेवटच्या दिवसाची. फाइल दादाच्या स्वतःच्या फोल्डरमधली. घाईत तिथलीच प्रत देऊन त्यानं सर्व्हर चालू केला असणार, मागाहून जागेवर ठेवू म्हणून. त्याच दुपारी त्याला दवाखान्यात नेलं होतं.

वहिनीचा हात कीबोर्डवरच थांबला.

"ह्यांच्याच फाइलमध्ये दुरुस्ती केली तरी भागेल. हा असाच चालू राहील."

"मग करा की."

"आणि उद्या मी नसले तर? पुढचा माणूस माझ्यासारखाच भलत्या फाइलशी डोकं फोडत बसेल. हा बंदच करायला हवा."

मग माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्या दिवशी डॉक्टरांनी मशीन बंद करू का म्हणून विचारलं, तेव्हा मी बाहेर पळाले. तुम्ही हो म्हणालात. कसं म्हणालात, भाऊजी?"

हा विषय आमच्यात कधी निघालाच नव्हता. तिच्या त्या पळण्याचा मला राग होता, खोटं कशाला बोलू? पण आत्ता तिचा चेहरा बघवेना.

"त्याचा हात धरला होता," मी म्हणालो. "हात हातात असला, की जमतं."

वहिनीनं डावा हात माझ्याकडे केला. मी तो घट्ट धरला. उजव्या हातानं तिनं सर्व्हर बंद केला. साइट गेली. मग नेहमीच्या जागची फाइल देऊन तिनं तो पुन्हा सुरू केला. साइट उघडली, प्रमाणपत्र नवं.

तिनं मघाचीच कमांड परत दिली. सुरू झाल्याची तारीख आता आजची होती. ती बराच वेळ त्या तारखेकडे बघत राहिली.

"गेले हो, भाऊजी," ती म्हणाली, आणि दवाखान्यात डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई माझा हात धरून मोठ्यानं रडली.