पान्याखालचं आंगन

आमचं जुनं गाव तलावात बुडालं, तरी माहे डोये बांधून मले तिथं सोडा, मी बरोब्बर माह्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहीन, असं मी नव्या गावठाणात साऱ्यायले सांगत होतो. दर उन्हाळ्यात उभा राह्यलोबी, फक्त तो उंबरठा दुसऱ्याचा होता.

माहं असंच हाय. शाळेत मी एकदाच गेलो, तेबी आमची बकरी तिथं घुसली म्हनून. पन बोलन्यात कोनाले हरलो नाई.

तलाव व्हाच्या आंधीच आमची पहिली पोर गेली. रांगत होती. ताप आला, मंगरूळपीरच्या दवाखान्यात पोचेपावतर माह्या खांद्यावरच थंडी पडली. लहान लेकराले जाळत नाईत, पुरतेत. घरामांगच्या आंगनात, शेवग्याच्या बुडाशी तिले ठेवलं. मंग गाव उठलं, पानी आलं.

उन्हाळ्यात पानी आटलं की जुन्या गावाचे दगडं उघडे पडत. मी बायकोले घेऊन जाचो. एका चिरलेल्या फरशीपाशी थांबून सांगाचो, "हे आपलं सैपाकघर, अन् हे मांगचं आंगन." ती मेणबत्ती लावे. वाऱ्यानं विझे, पुन्हा लावे. एकदा म्हने, "आपलं घर इहिरीच्या खालच्या आंगाले होतं ना?" मी म्हनलं, "तुले काय समजते? घर बांधलं कोनं?" मंग तिनं मेणबत्ती तिथंच लावली.

यंदा तलावातला गाळ काढाचं ठरलं. पोकलेन याच्या आंधी मोजनी, म्हनून एक तरना साहेब आला. हातात लांब खंबा, त्याच्यावर पांढरी टोपी ठेवल्यासारखं मशीन. खंबा धराले मानूस पाहिजे होता. माही तब्येत पाहून मलेच घेतलं, खंब्याची जोडी जमली.

बायको भाकर घेऊन आली. तिनं साहेबाले इचारलं, "यात आमचं घर दिसते काय? पोकलेननं उचलाच्या आंधी तिथली मूठभर माती पाहिजे मले. तिथं आमची लेक हाय."

साहेबानं हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. "जुन्या गावठाणाचा नकाशा आहे यात, मावशी, घराघराच्या नावानिशी. पाहू."

"नकाशा कायले, साहेब?" मी म्हनलं. "जागा मले पाठ हाय. अन् फोनमंधीबी दिसते."

"फोन एका घराएवढी जागा इकडं-तिकडं दाखवतो, काकाजी. हे मशीन अमेरिकेचे, रशियाचे, युरोपचे, चीनचे, आपले, सगळ्यांचे उपग्रह एकदम ऐकतं. जितके जास्त, तितकी जागा पक्की. बोटभराचा फरक."

"इतके देश एका पडक्या घरासाठी एक झाले? आमच्या घरी दोघायचं जमत नाई."

साहेब हसला. बायको नाई हसली.

"एकाचंच ऐकलं की चूक होते," तो म्हने. मी मान हालवली. बायको इतके वर्स एकाचंच आयकत होती, हे तवा माह्या ध्यानात नाई आलं.

खंबा घेऊन निंघालो. फरशीपाशी मी थांबलो. "पुढं," साहेब म्हने. इहीर मांगं गेली. "अजून पुढं." पायाखाली चिखल लागला, मंग पानी, घोट्याइतकं, मंग गुडघ्याइतकं.

"थांबा. हे तुमचं मागचं आंगण."

इतक्या उन्हाळ्यात ते जमीन एकदाबी उघडी पडली नव्हती.

"मंग ते फरशी?"

साहेबानं हातातल्या पडद्यात पाह्यलं. "तिथं कोणाचा तरी गोठा होता."

म्हंजे मी बायकोले म्हशीच्या दावनीपाशी रडवलं. मीबी तिथं रडलो, असा की म्हैसबी तितकी वरडत नाई. अन् आमची पोर इकडं पान्यात, अंधारात, एकाबी मेणबत्तीबिगर.

बायकोनं लुगडं खोचलं अन् पान्यात उतरली. खंब्याच्या बुडाशी वाकली, खांद्यापावतर हात आत घातला. खंबा सरळ हाय का ते दावाले त्याच्यावर काचेत एक बुडबुडा असते, तो मधात राहाले पाहिजे. तो राहेच ना.

"काकाजी, हलू नका."

"मी नाई हालून राह्यलो, साहेब. पानी हालून राह्यलं."



बायको उभी राह्यली. मुठीत काया चिखल. बोटायच्या फटीतून पानी गळत होतं, त्याच्यासंगं थोडी थोडी मातीबी चालली होती. तिनं दोन्ही हातायनं ती दाबून धरली. पदरात बांधाले हात मोकया नव्हता.

"आन, मी धरतो," मी म्हनलं.

"राहू द्या," ती म्हने. "तुमच्या हाती देली त हेबी कुठं ठेवली ते तुमाले गवसाचं नाई."