मोजू नका, बघा

व्हर्ना हॉफस्टॅड सत्तावीस वर्षं आमच्या पाळणाघरात तीन वर्षांच्या मुलांना सांभाळत होती. त्यातली एकोणीस वर्षं मी तिथल्या स्वयंपाकघरात होते. तिचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पिवळ्या भिंतींचा तो वर्ग सोडला तर बाईला जगात काहीच नव्हतं. सुट्टीच्या दिवशीही येऊन खेळणी धूत बसायची, आणि मला तिचा राग यायचा.

अंगणातून मुलं आत घेताना बाकीच्या बाया डोकी मोजायच्या. व्हर्ना दारात गुडघ्यांवर बसायची, एकेकाचं नाव घ्यायची, चेहरा बघायची, मगच यादीवर खूण. कामावर आलेल्या नव्या पोरींना ती एवढंच शिकवायची: मोजू नका, बघा. आमची संचालिका मार्सीसुद्धा तिच्याच हाताखाली शिकली. त्याआधी तीन वर्षांची असताना मार्सी त्याच वर्गात होती. तिच्या ओल्या चड्ड्या व्हर्नानंच बदलल्या होत्या.

नॉर्थ डकोटातला जानेवारी. पोरं डोळ्यांपर्यंत मफलरमध्ये गुंडाळलेली. वर्गातली मदतनीस आजारी, आणि मार्सीनं बदली बाई दिली नव्हती. टिल्डा आणि ब्रिनचे बर्फात घालायचे कपडे एकसारखे, जांभळे. ब्रिन आत आली, हातमोजा राहिला म्हणून मागे पळाली, पुन्हा आत आली. दुसऱ्या वेळी व्हर्नानं तिला टिल्डा समजून खूण केली. कपडे अडकवताना बारावी खुंटी रिकामी दिसली, तशी व्हर्ना कोटाशिवाय बाहेर धावली. टिल्डा खेळातल्या लाकडी घरात बर्फाचे पॅनकेक थापत बसली होती. नऊ मिनिटं गेली होती. पोरीचं नाक तेवढं लाल झालं होतं.

हे फक्त मी पाहिलं, खिडकीतून.

“तोंड शिवून बस,” मी तिला म्हटलं. “पोरगी धडधाकट आहे. कुणाला कळायचं नाही.”

“आणि उद्या दुसरीच्या हातून असं झालं, तर तिला मी कोणत्या तोंडानं शिकवू?”

तिनं घडल्या चुकीच्या नोंदीचा फॉर्म भरला. नऊ मिनिटं, असंच लिहिलं. बदली बाई नव्हती हे मात्र लिहिलं नाही. मार्सीला त्रास नको म्हणून. मूर्ख बाई.

मार्सीनं फॉर्म उभ्याउभ्याच वाचला आणि सामान भरून निघायला एक रिकामं खोकं आणून दिलं. व्हर्नानं एकच गोष्ट मागितली: पोरं झोपेतून उठेपर्यंत थांबू दे, त्यांचा निरोप घेते.

“मुलं बावरतील,” मार्सी म्हणाली. “आणि फॉर्म तुम्ही भरलाय, मिस व्हर्ना. मी नाही.”

लहानपणापासून मार्सी जिला ‘तू’ म्हणायची, तिलाच आज ‘तुम्ही’. व्हर्ना झोपलेल्या बारा जणांकडे दारातून बघत राहिली, तर मार्सीनं तिच्या दंडाला धरून तिला बाहेर नेलं.

दोन दिवसांत गावानं तिला राक्षसीण करून टाकलं. ज्यांची नाकं तिनं पुसली, तेच तिला बघून दुकानात दुसऱ्या रांगेत जायचे. मी फोनसुद्धा केला नाही. नोकरीची भीती होती, दुसरं काही नाही. लाज वाटते, पण तेव्हा भीतीच मोठी होती.

सोमवारी दारात मार्सी उभी राहिली. गुडघ्यांवर बसली नाही. बोटानं डोकी मोजली, बारा, आणि दाराला हात घातला. टिल्डा उंबरठ्यावरून हलेना.

“एक जण बाहेर राहिलंय,” ती म्हणाली.

मार्सीनं पुन्हा मोजली. बाराच.

“मिस व्हर्ना,” टिल्डा म्हणाली. “ती आत आलीच नाही.”

“तिचं नाव यादीत नाही,” मार्सी म्हणाली, आणि पोरीला आत ओढून दार लावलं.

टिल्डानं जेवताना मफलर काढला नाही. दाराकडे तोंड करून बसली. मी तिच्या ताटात खिमा-बटाट्याची भाजलेली हॉटडिश वाढली आणि पुढच्या पोराकडे गेले.