सुधारलेली चूकही कळवावी

चूक माणसाच्याच हातून होते हे सगळ्या जगाला मान्य आहे, पण झालेली आणि निस्तरलेलीही चूक पुन्हा लोकांना गाठून गाठून सांगणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो जळगावच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचो. पिंप्राळ्यातल्या दुकानात शेवभाजी मनसोक्त खाऊन झाल्यावर ते गल्ल्यापाशी जाऊन सांगत, "मीठ कमी होतं. मी वरून घेतलं, सुधारलं. तरी कळवतो." मालक दरवेळी म्हणायचा, "भाऊ, ताट तर चाटूनपुसून खाल्लं, मग कसलं कळवता?" त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचं तर आधी उभ्याने ऐकून घ्यावं लागे: मागचा ब्रेक सैल आहे, पेट्रोलचा काटा खोटं बोलतो, हॉर्न उजवीकडे वळतानाच वाजतो. एवढं ऐकून मी बहुधा रिक्षा करायचो.

यात सगळा दोष त्यांचा नव्हता, थोडा धंद्याचाही होता. आमची कंपनी ठिबकचे वॉल्व्ह आपोआप चालू-बंद करणारे कंट्रोलर बनवते. कंट्रोलरच्या पोटात कोणते भाग कुठे बसलेत, हे त्याला सांगणारी एक फाइल असते, आणि त्या फाइलीत काय काय लिहिलंच पाहिजे याचा नियमांचा साचा असतो, त्याला स्कीमा म्हणतात. चिपमध्ये चूक पकडणारे जे छोटे भाग असतात, त्यांची वर्णनं या साच्यात बसवणं हे भाऊंचं काम. हा भाग कुठे बसलाय, कोणती चूक पकडतो, आणि पकडल्यावर हाक कोणाला मारतो, एवढं लिहिल्याशिवाय ते कोणाची फाइल पुढे जाऊ देत नसत. मी धरणगावकडच्या खेड्यातून आलेलो, घरातला पहिला पदवीधर. समजलं नाही असं म्हणायची मला फार लाज वाटे. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "भाऊ, चिप लहान चूक स्वतःच दुरुस्त करते, मग ती कळवायची कशाला?" ते हसले नाहीत. म्हणाले, "एकाच जागची चूक रोज दुरुस्त करावी लागत असेल, तर ती जागा एक दिवस दगा देणार. म्हणून सुधारलेलीही कळवायची." आजवर कोणत्याही शिक्षकाने मला इतक्या थोडक्यात इतकं शिकवलं नाही. हे त्यांनी फक्त चिपपुरतं ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं! मोठं गिऱ्हाईक आलं तरी ते कंट्रोलरमध्ये काय काय बिघडू शकतं इथूनच सुरुवात करत. आमचे शेटजी कपाळाला हात लावून म्हणत, "अहो, आधी चालतो कसा ते सांगा!" त्यावर भाऊ शांतपणे, "चालतो तेव्हा माझी गरजच नसते, शेटजी."

पण गरज भाऊंना होती, बायकोची. लग्न करायचं त्यांच्या फार मनात होतं, आणि स्थळं मात्र चहा निवायच्या आत मोडत. मुलगी बघायला गेलं की बाकीचे शेतीचे एकर सांगतात, हे स्वतःचे बिघाड सांगत. शेवटी धुळ्याला देवपुरातलं स्थळ आलं तेव्हा त्यांच्या आईने मला गाठलं. "तू संगे चाल रे बाबा. त्यानी बोलनं सुरू कयं का त्याना पाय दाब." मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या वडिलांनी विचारलं, "नोकरी पक्की आहे ना?" भाऊ म्हणाले, "पक्की आहे. पण..." मी पाय दाबला. भाऊ मोठ्याने म्हणाले, "अरे, पाय का दाबतोस?" मग कोण थांबवणार! दहावीला गणितात नापास झालो होतो, ऑक्टोबरात सुटलो. आधी घोरायचो, आता कुशीवर झोपतो. रागावलो की जेवत नसे, आता जेवून रागावतो. मुलीचे वडील माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आमले जवाई पायजे, तक्रारपेटी नको." भाऊंच्या आईने बशी खाली ठेवली.

तेवढ्यात मुलगीच म्हणाली, "या सगळ्या सुधारलेल्या झाल्या. न सुधारलेली एखादी?"

भाऊ म्हणाले, "कोणी रडायला लागलं की मला तिथे थांबवत नाही. मी उठून जातो. वडील गेले तेव्हा आई आत रडत होती, आणि मी अंगणात स्कूटर पुसत होतो."

हे ऐकून त्यांच्या आईने पदर डोळ्यांना लावला. भाऊ अर्धे उठले. त्यांनी दाराकडे पाहिलं, बाहेरच्या चपलांकडे पाहिलं. मग ते पुन्हा खाली बसले आणि पाण्याचा पेला आईपुढे सरकवला. पेला थोडा सांडला, पण ते हलले नाहीत. मुलगी त्यांच्याकडे बघत होती. नंतर वडिलांना म्हणाली, "आबा, चालेल."

वहिनींची शाळा देवपुरात, म्हणून भाऊंनी तिकडेच नोकरी धरली. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसतो, नव्यांच्या फायली अडवतो, आणि शेटजी कपाळाला हात माझ्यामुळे लावतात. शेवभाजीचा मालक एकदा स्वतःच म्हणाला, "भाऊ असते तर सांगितलं असतं, आज तिखट जास्त झालंय."

परवा एक फाइल दुपारभर अडली आणि माझी मलाच सुटली. तरीही मी भाऊंना फोन लावला. उचलला वहिनींनी. "ते आईंना घेऊन बाजारात गेलेत. काय, काही चुकलंय का?"

"चुकलं होतं, वहिनी. सुधारलंसुद्धा."

"मग?"

"मग काही नाही," मी म्हटलं. "नुसतं कळवायचं होतं."