गाणेमास्तरांचा दम

बोलण्याआधी दोन बोटं गळ्यावर ठेवायची, हलकेच दाबायची आणि मग म्हणायचं, "चालायचंच हो." अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. सगळं चालवून घेणारी, आणि म्हणून सगळं ज्यांच्या गळ्यात पडतं ती.

मी तेव्हा रत्नागिरीच्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो. तिथे अशांपैकीच एक गृहस्थ आले गाणं शिकवायला. आधी नाटक कंपनीत गात. बोलपट आले, कंपनी बुडाली, आणि पेटी घेऊन ते आमच्या शाळेत आले. मुलं त्यांना गाणेमास्तर म्हणू लागली. पहिल्या सकाळी त्यांनी प्रार्थनेचा सूर लावला, तेव्हा आमचा शिपाई घंटेचा टोला द्यायचा विसरला.

आठवड्याभरात हेडमास्तरांनी त्यांना बोलावलं. "मास्तर, नुसत्या गाण्याने तुमचे तास भरत नाहीत. ड्रिल घ्या. भूगोलही घ्या."

"चालायचंच," मास्तर म्हणाले.

आमचं मैदान कातळावर. समुद्रावरून येणारा वारा शब्द उचलून नेई. शेवटच्या रांगेला 'अटेन्शन' ऐकू जायचं तर घसा फोडून ओरडावं लागे. सकाळी सूर, दुपारी आरोळ्या. दोन पावसाळे गेले आणि त्यांचा आवाज वरच्या पट्टीत फाटू लागला. ज्येष्ठमध झालं, लवंग झाली. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "गाणं तरी सोडा, नाहीतर ओरडणं."

मास्तर हेडमास्तरांकडे गेले. आधाराला म्हणून मला बरोबर नेलं. माझा काही उपयोग झाला नाही.

"साहेब, ड्रिल दुसऱ्या कुणाला देता येईल का?"

हेडमास्तरही थकलेलेच होते. "मॅट्रिकचा निकाल बघितलात ना? पालक म्हणतात, गाऊन कोणी मॅट्रिक होत नाही. दिवाळीनंतर मी गाणंच बंद करतोय. ड्रिल बंद करता येत नाही, इन्स्पेक्टर बघतात."

त्या दिवशी मास्तर 'चालायचंच' म्हणाले नाहीत. पेटी कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवली आणि भूगोलाच्या तासाला निघून गेले.

पुढे हुतुतूचा संघही त्यांच्याच गळ्यात पडला. एकदा संध्याकाळी पेपर तपासून घरी निघालो, तर मैदानातून एक लांबच लांब 'सा' ऐकू आला, मागोमाग रिषभ. पोरं कातळावर मांडी घालून बसली होती, डोळे मिटून. मास्तर एकेकाच्या पोटावर हात ठेवून पुटपुटत होते, "छातीतून नको रे. हितून. दम हितून यायला हवा."

मला पाहून जरा दचकले. "हुतुतूचा दम वाढवतोय," म्हणाले.

"आणि मघाशी तो कोमल रिषभ लागला, तोसुद्धा हुतुतूसाठी?"

ते हसले. किती तरी दिवसांनी हसताना दिसले. "हेडमास्तरांना नका सांगू हो."

हेडमास्तरांना ठाऊक होतं, असं मला पुढे वाटत आलं. त्यांची खिडकी मैदानाकडेच होती.

बाहेरगावच्या संघाशी सामना झाला. आमच्या पोरांचा दम कुणी ऐकला नसेल असा होता. चढाईला गेलेला गडी 'हुतुतूतू' म्हणत असा फिरे की पाहणाऱ्यांनाच धाप लागे. पण पायांत बळ कमी. हरलो. परतताना बैलगाड्यांत सगळे मुकाट बसले होते. पाली गावाच्या अलीकडे एकाने सूर लावला, मग दुसऱ्याने, आणि दोन्ही गाड्या गाऊ लागल्या. मास्तर माझ्या शेजारी होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मांडीवरचा हात मात्र ठेका चुकत नव्हता.

"हरले, पण सुरात आहेत," ते कुजबुजले. मग तोंड फिरवून बसले. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही.

पुढच्या वर्षी कुजबुजसुद्धा बंद झाली. शिक्षकाला आवाज नको? त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. हेदवीला बहीण होती, तिच्याकडे जायचं ठरलं. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात मी त्यांची ट्रंक चढवून दिली.

"पेटी?" मी विचारलं.

त्यांनी शाळेच्या दिशेला बोट दाखवलं आणि मान हलवली. राहू दे तिथेच.

पडाव किनाऱ्यापासून बराच लांब गेल्यावर ते उभे राहिले. खलाशाने खाली बसायची खूण केली, तरी उभेच. तोंड उघडून मला काहीतरी म्हणाले. लाटांच्या आवाजात ऐकू आलं नाही. लाटा नसत्या तरी ऐकू आलं नसतं. मी जोरजोरात मान हलवली, सगळं कळल्यासारखी, आणि ते समाधानाने खाली बसले.