डिंकबाईंच्या अकरा उशा

शाळेत त्यांना सगळे डिंकबाई म्हणत. हस्तकलेच्या बाई, बोटांना कायम डिंक, केसांत कापसाचा पुंजका आणि जीभ कात्रीसारखी. "सुईत दोरा ओवतोयस की सापाला आंघोळ घालतोयस रे?" असं विचारलं की वर्ग खो खो हसायचा, आणि ज्याला विचारलं तो सगळ्यात जास्त.

त्या आठवड्यात मात्र कुणी हसत नव्हतं. शाळेमागच्या गल्लीतल्या गोदामाचं छप्पर कोसळलं आणि अकरा हमाल गेले. त्यांची मुलं शाळेत येईनात, वर्गातले दोन बाक रिकामे पडले. "बाई, आपण काय करायचं?" मुलं विचारू लागली. बाईंनी ठरवलं, मुलांनीच शिवायची आणि त्या अकरा घरी नेऊन द्यायची, घरटी एक उशी, मुठीत मावेल एवढी. रडू आलं की धरायला, नाही आलं तरी धरायला.

मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे कसं आहे बाई, भावना उत्तम. पण म्हणजे कसं आहे, मुलं तिथे काहीबाही बोलून बसतील. शिपाई खोक्यातून पोचवेल ना."

"खोक्यातून चपला पाठवतात, सर. मुलं माझ्याबरोबर येतील. शनिवारी, शाळा सुटल्यावर."

"आणि जबाबदारी?"

"माझी."

चार दिवस मुलं शिवत होती. टाके असे, जणू मुंगीला चक्कर आली. बघून बघून बाईंचा हात शिवशिवला. तीस वर्षांची खोड! शुक्रवारी त्यांनी उशा घरी नेल्या, टाके उसवले आणि मशीनवर सरळसोट शिवून आणल्या. अगदी दुकानात मांडाव्यात अशा.

शनिवारी एकही मूल उशी उचलेना. वर्गातली सगळ्यात बुटकी, टिल्ली, म्हणाली, "बाई, ही माझी नाही."

"अगं तुझीच. जरा नीट केलीय."

"मग तुम्हीच द्या. मी केली म्हणून खोटं सांगू?"

"आम्ही पण नाही येत," मागचा बाक घुमला.

नेमका तेव्हाच शिपाई खोकं घेऊन दारात. "भरू का बाई? सर विचारतायत, भरू का?"

"थांबा!" बाईंचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी बारीक कात्री घेतली आणि स्वतःची शिवण कचाकच उसवली. अकराच्या अकरा. "चुकलं माझं. सुटायला दोन तास आहेत. ज्याची त्याने शिवा." आणि हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या.

"अगं, गाठ तरी—"

"बाई, हात!" सगळा वर्ग ओरडला.

पहिल्या दारात एका हमालाची बायको उभी होती. टिल्ली पाठ केलेलं सगळं विसरली. "मी शिवलीय," ती म्हणाली. "कापूस जरा बाहेर येतो." मग एकदम, "काका मला गोदामातल्या वजनकाट्यावर उभं करायचे. म्हणायचे, अजून अर्धी गोणीसुद्धा नाही भरलीस."

"तुला? कधी गं?" हमालाची बायको उशी मुठीत धरून उंबऱ्यावर बसली आणि सरकून जागा केली. टिल्ली बसली, सांगू लागली.

"बाई, उशीर होतोय," मागून कुणीतरी कुजबुजलं.

"होऊ दे," डिंकबाई म्हणाल्या. "दहा दारं राहिलीत. सगळीकडे असंच बसायचंय."